पट्टी उलटी करून बघणारी बाई

ताई, नमस्कार. मी तुमच्याहून लहानच असणार, तेव्हा सरळ 'तू' म्हणा.

मी मूळची सोलापूरची. वडिलांचे चादरीचे माग होते. बाबा पलीकडच्या खोलीत जेवत असले तरी नुसत्या आवाजावरून 'धागा तुटला बघ' म्हणायचे. लग्नानंतर मी ओहायोत आले, नोकरी सॉफ्टवेअरची. आठ वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर पेन्सिक वॉर नावाच्या मध्ययुगीन मेळ्याला गेले आणि तिथलीच झाले. तंबू, ढाली, चुलीवरचं जेवण सगळंच आवडलं, पण जीव जडला तो पत्त्यांच्या विणकामावर. चौकोनी पत्ते, प्रत्येकाला चार भोकं, त्यातून ओवलेले धागे, आणि पत्ते फिरवत गेलं की पट्टी होत जाते. आता माझ्या पट्ट्यांच्या कडा ओळंब्याने आखल्यासारख्या येतात. लोक विकत मागतात.

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या स्पर्धेत मी स्वीडनमधल्या बिर्का या व्हायकिंगांच्या गावी सापडलेल्या नक्षीवरून केलेली, दीड इंच रुंदीची, चांदीच्या तारेची पट्टी ठेवली होती. खालची जमीन मर्सराइज्ड, म्हणजे चकाकी आणलेल्या सुताची. परीक्षक बाईंनी शेरा मारला : 'हात उत्तम. पण हे असंच का, याचं उत्तर सापडलं नाही.' शेजारच्या टेबलावरच्या बाईला विणायला लागून चारच वर्षं झालीत, तिच्या कडा नागमोडी. पण सोबत वीस पानांचं डॉक्युमेंटेशन होतं, म्हणजे पट्टी कशावरून आणि कशी केली याची टिपणं. गुण तिला जास्त. आता तिला लॉरेल, म्हणजे आमच्यातला कलेचा सर्वोच्च मान, मिळणार अशी कुजबुज आहे. इकडे बहीण फोनवर म्हणते, "त्यांच्या पट्ट्या कसल्या विणत बसलीस, पैठणी तरी वीण."

ताई, या खेळात उस्ताद म्हणायचं तरी कोणाला? हाताला, कागदाला, की ओळखीपाळखीला?

— पत्तेवाली, ओहायो

•

अगं पत्तेवाली,

तुझं पत्र वाचून मला पहिल्यांदा आठवला तो आमचा जुना फ्रीज.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. आम्ही एका लहानशा अपार्टमेंटात राहायचो. ताण्याचं एक टोक मी फ्रीजच्या दांड्याला बांधायची, दुसरं माझ्या कमरेच्या पट्ट्याला, आणि मधे तीस पत्ते. जसजशी पट्टी व्हायची तसतशी ती कमरेला गुंडाळत खुर्ची पुढे सरकवायची. नवऱ्याला दूध हवं असलं की आधी मला सोडवावं लागायचं. अशी दोन वार पट्टी विणून मी एका मेळ्यात टेबलावर मांडली. खाली मखमल, बाजूला माहितीचा कागद, आणि मी स्वतः नवरीसारखी उभी.

एक म्हातारी बाई आली. गळ्यात लॉरेलचं पदक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. माझ्या नक्षीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. पट्टी उचलली, उलटी केली आणि बोटांतून सरकवत गेली, मधेच अंगठा थांबवत, पुन्हा पुढे. मग विचारलं, "दुसरं टोक कशाला बांधलं होतंस?"

"फ्रीजला."

"खोली किती, बारा फूट?"

माझी दातखीळच बसली. अकरा फूट होती.

तुला हे कोडं उलगडून सांगायला नको, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते. पत्ता दर वेळी पाव फिरतो, फटीतून आडवा धागा जातो, पुन्हा पाव फिरतो. पुढे पट्टीत जेवढा पीळ पडतो तेवढाच उलटा पीळ पत्त्यांच्या मागे साठत जातो. थोड्या वेळाने मागचे धागे सुतळीसारखे होतात आणि पत्ते हलेनासे होतात. मग दोनच वाटा. एकतर मागची गाठ सोडून पीळ उकलायचा, नाहीतर पत्ते उलटे फिरवायला लागायचं. उलटं फिरवलं की त्या जागी तिरक्या रेघा तोंड फिरवतात आणि धाग्याचा एक टाका जरासा लांब राहतो. मला गाठ सोडायचा कंटाळा, म्हणून मी उलटं फिरवत होते. खुर्ची पुढे सरकत होती, मागे उरलेला ताणा तोकडा होत होता, म्हणजे पीळही लवकर भरत होता. त्यामुळे उलट फिरवलेल्या जागा सुरुवातीला लांब लांब होत्या, त्या शेवटी शेवटी अगदी जवळ आल्या होत्या. त्या बाईने ती अंतरं अंगठ्याने मोजली आणि माझ्या स्वयंपाकघराची लांबी सांगून टाकली.

तुझे बाबा जेवणाच्या ताटावरून धागा तुटल्याचं ओळखायचे ना, तीच ही गोष्ट. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तू स्वतःच पत्राच्या सुरुवातीला लिहिलंयस आणि तुझ्या ते लक्षात आलेलं नाही.

तुझा हात बसलाय. त्याला मी कमी लेखत नाही. आठ वर्षांनी सरळ कडा येणं ही काही चेष्टा नाही, माझ्या अजून कधीकधी ढेपाळतात. पण हात बसणं वेगळं आणि जाण असणं वेगळं. हात बसलेला माणूस ठरलेली गोष्ट पुन्हा पुन्हा तशीच करू शकतो. जाणकार माणसाच्या हातात झालेली वस्तू दिली की ती कशी झाली असणार हे तो मागे मागे चालत जाऊन सांगतो. मध्ययुगातली वस्तू पुन्हा करायची म्हटलं की हे मागे चालत जाणं हाच निम्मा धंदा. कारण करणारी बाई हजार वर्षांपूर्वी गेली. राहिला तो तुकडा.

आता ज्यांना हे जग ठाऊक नाही त्यांना हे पदक-बिदक काय प्रकरण आहे ते थोडक्यात. १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत काही मित्रमंडळींनी परसात मध्ययुगीन पद्धतीची द्वंद्वं आणि मेजवानी केली. परस होतं डायना पॅक्सन यांचं, ज्या पुढे लेखिका म्हणून नावाजल्या. त्यातून 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम' उभी राहिली. आज तिची वीस 'राज्यं' आहेत, प्रत्येकात राजा-राणी. राजा निवडतात तो वेताच्या तलवारींनी लढाई करून. हो, आपला छडीचा वेतच, फक्त अंगठ्याहून जाड. पत्तेवालीने उल्लेख केलेलं पेन्सिक वॉर १९७२ पासून भरतं, आता पेनसिल्व्हेनियात स्लिपरी रॉक गावाजवळ, आणि दहा हजारांच्या आसपास माणसं तिथे राहुट्या ठोकून राहतात. दिवसा लढाया, आणि ज्यांना लढायचं नाही त्यांच्यासाठी शेकडो वर्ग : शाई करणं, बूट शिवणं, मध आंबवून मद्य करणं, सूत कातणं. कला आणि विद्या यांतला सर्वोच्च मान म्हणजे लॉरेल. मिळालेल्याला मास्टर किंवा मिस्ट्रेस म्हणायचं. त्यांच्या हाताखाली शिकणारे बरेच ठिकाणी हिरवा पट्टा बांधतात.

मान देतो राजा, आधीच्या लॉरेलांचा सल्ला घेऊन. म्हणजे वेताची लढाई जिंकलेला गडी विणकामाचं पदक गळ्यात घालतो. आखाडा मारणाऱ्या पैलवानाच्या हस्ते भरतकामाचं बक्षीस! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी फार हसले. पण नियम नीट वाचलास तर त्याहून गमतीची गोष्ट सापडेल. कौशल्य किंवा ज्ञान किती हवं? तर जे आधीच लॉरेल आहेत त्यांच्या बरोबरीचं. म्हणजे उस्ताद कोण, तर ज्याला उस्ताद आपल्या पंक्तीला बसवतील तो. व्याख्या गोल फिरते, आपल्या पत्त्यासारखी.

तू म्हणशील, हीच ती ओळखीपाळखी. थांब जरा. खऱ्या मध्ययुगात तरी काय वेगळं होतं?

पॅरिसचा प्रशासक एतियेन बुआलो याने १२६८ च्या सुमारास शहरातल्या शंभरेक धंद्यांचे नियम लिहून काढले. ते आजही वाचायला मिळतात आणि माझ्या मते कुठल्याही कादंबरीपेक्षा रंजक आहेत. रेशीम कातणाऱ्या बायकांचे धंदे त्यात स्वतंत्र आहेत, शिकाऊ मुली किती ठेवायच्या, किती वर्षं, सगळं ठरलेलं. जर्मनीत कोलोन शहरात सूत करणाऱ्या बायकांची स्वतःची श्रेणी, म्हणजे कारागिरांचा संघ, १३९७ मध्ये झाली, रेशीम करणाऱ्यांची १४३७ मध्ये. कोणाला उस्ताद मानायचं हे तिथेही त्या धंद्यातलीच शपथ घेतलेली माणसं ठरवायची. बाहेरून मोजपट्टी घेऊन कोणी येत नव्हतं. येणार तरी कुठून? चांगला पीळ कोणता हे पीळ देणाऱ्यालाच कळणार.

आणि उस्ताद होणं म्हणजे थोर कलावंत होणं असं त्या काळच्या कोणाच्या डोक्यात नव्हतं. उस्ताद म्हणजे ज्याला दुकान उघडायचा, शिकाऊ पोरं ठेवायचा आणि श्रेणीची वर्गणी भरायचा अधिकार आहे तो. इंग्लंडात १५६३ च्या कायद्याने सात वर्षं शिकाऊ राहणं सक्तीचं केलं. सात वर्षं दुसऱ्याच्या घरी राहायचं, त्याचं मीठ खायचं, बोलणी खायची. मग कुठे दुकान. या हिशेबाने, लोक जिच्याकडे पट्ट्या विकत मागतात ती तू माझ्यापेक्षा जास्त 'मास्टर' आहेस. माझी पट्टी आजवर एकीनेही विकत मागितलेली नाही, फुकट मात्र पुष्कळ गेल्या.

एक सांगू? त्या नियमांत बऱ्याच धंद्यांना रात्री काम करायची मनाई होती. मेणबत्तीच्या उजेडात काम वाईट होतं म्हणून. तू मुलं झोपल्यावर रात्री साडेअकराला पत्ते घेऊन बसत असशील तर पॅरिसात तुला दंड झाला असता. मला तर रोज झाला असता.

आता कागदाचं. तुझा राग तिथे आहे, तर तिथेच जरा बसू.

तुझी बहीण म्हणते पैठणी वीण. चांगली सूचना आहे, विणावीशी वाटली तर जरूर वीण. पण येवल्यात जाऊन एखाद्या मागावर बसलीस तर शेजारी जिवंत माणूस असेल. तू चुकलीस की तो हातावर चापट मारेल, धागा सोडवून दाखवेल, 'असं नाही, असं' म्हणेल. त्याला त्याच्या काकाने शिकवलं, काकाला आजोबांनी. तिथे कोणी तुला डॉक्युमेंटेशन मागणार नाही, कारण डॉक्युमेंटेशन समोर तंबाखू मळत बसलेलं असेल. उत्तर युरोपातल्या आपल्या पट्ट्यांचा तो धागा मधेच तुटला. बिर्काच्या बाईला शिकवणारी बाई कोण, तिने हातावर कुठे चापट मारली, हे सांगायला कोणी उरलं नाही. म्हणून आपल्याला थडग्यातल्या चिंध्यांकडे शिकायला जावं लागतं. शिकवणी कुठे लावली होतीस एवढं जिथे लिहायचं तो कागद म्हणजे डॉक्युमेंटेशन. त्याच्याकडे तू परीक्षेचा पेपर म्हणून बघतेयस, म्हणून तुला तो बोचतो.

त्या चिंध्या बोलतात, पण अर्धवट बोलतात. नॉर्वेत ओसेबर्ग इथे १९०४ मध्ये एक अख्खं जहाज उकरून काढलं, दोन बायकांचं दफन, साल ८३४. त्यात पत्त्यांचा एक संच सापडला, बावन्न पत्ते, धागे ओवलेले, विणकाम अर्धवट. हे मी किती वेळा वाचलंय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो. कोणीतरी उठून गेलंय आणि आत्ता परत येईल असं वाटतं. बावन्न पत्ते म्हणजे दोनशे आठ भोकं. पण ती बसत कशी होती, मागचा पीळ कसा सोडवत होती, ते त्यात नाही. ते आपल्याला करूनच बघावं लागतं. स्वीडनच्या बिर्काच्या पट्ट्यांचा अभ्यास अग्नेस गेयर यांनी करून १९३८ मध्ये छापला. रेशीम आणि चांदीची तार राहिली, पण त्या मातीत लिननसारखे झाडाचे धागे टिकत नाहीत. म्हणजे एखाद्या पत्त्याच्या चारांपैकी दोनच भोकांचा धागा हाती लागतो आणि उरलेल्या दोन भोकांत काय होतं ते ताडायचं. दात पडलेल्या आजोबांचं बोलणं समजून घेण्यासारखं आहे ते.

आता तुझी पट्टी. दीड इंच म्हणालीस. अगं, बिर्काच्या त्या चांदीच्या पट्ट्या बहुतेक बोटभरसुद्धा रुंद नाहीत! पुस्तकात नक्षी दिसावी म्हणून फोटो मोठा करून छापतात, आणि आपण नक्कल करतो ती फोटोची. हे मीही केलंय, मी तर दोन इंचाची केली होती. मोठ्या रुंदीत सगळंच बदलतं. तार तशीच बारीक ठेवलीस तर नक्षी विरळ दिसते, जाड घेतलीस तर वाकत नाही, पट्टी पत्र्यासारखी ताठ होते. जमीन सुताची घेतलीस, मूळची रेशमाची. रेशमाला जी चकाकी असते ती तारेला मिळून जाते. सूत कितीही मर्सराइज केलं तरी तारेच्या शेजारी कपड्यासारखं दिसतं. परीक्षक बाईंनी विचारलं ते हेच. 'हे असंच का?' रुंदी दीड इंच का, तर फोटोवरून घेतली. सूत का, तर रेशीम परवडलं नाही. दुसरं उत्तर अगदी मान्य होण्यासारखं आहे. लिहायचं होतंस तेवढं. 'रेशीम महाग, म्हणून सुतावर करून बघितलं. तार उठून दिसते पण जमिनीत मुरत नाही.' या एका ओळीने माझ्यासारखीला कळलं असतं की हिला दिसतंय.

शेजारणीच्या वीस पानांबद्दल मी न वाचता बोलणार नाही. वीस पानांचे दोन प्रकार असतात. एक, पहिली बारा पानं व्हायकिंग कुठून कुठे गेले याची, जी कोणालाही कुठेही मिळतात, आणि विणकाम शेवटच्या पानावर घाईघाईने. असे ढीगभर वाचलेत मी. दुसरा प्रकार म्हणजे चार नमुने विणले, चारही फसले, प्रत्येक का फसला ते लिहिलंय, पाचव्याच्या कडा नागमोडी आल्या कारण मूळच्यासारखा कच्च्या पिळाचा धागा वापरला. हा दुसरा प्रकार असेल तर तिच्या नागमोडी कडा तुझ्या सरळ कडांपेक्षा पुढे आहेत. तू तिची पानं वाचलीस का? तुझ्या पत्रात पानं मोजलेली आहेत, वाचलेली दिसत नाहीत.

खरं सांगायचं तर मीही पुष्कळ वर्षं कागदाला नाकं मुरडली. बुर्गुंडीत गेदलों नावाचं ठिकाण आहे, तिथे १९९७ पासून तेराव्या शतकातल्या पद्धतीने किल्ला बांधतायत, शून्यापासून. दगड तिथल्याच खाणीतले, माणसाने आत चालून फिरवायच्या चाकाने ते वर चढवायचे, खिळे तिथल्याच भट्टीत. त्यांच्याबद्दल वाचताना माझं मत फिरलं. ते बांधून बघतात म्हणजे त्यांना पुस्तकं नकोत असं नाही, पुस्तकात जिथे काहीच नाही तिथे ते हाताला विचारतात. आणि हाताने दिलेलं उत्तर पुन्हा लिहून ठेवतात. आपल्याकडच्या कारागिरांचं किती ज्ञान नुसतं 'हातात' राहून त्यांच्याबरोबर गेलं, सोलापूरच्या मुलीला मी काय सांगावं.

म्हणून आता काय करायचं ते सांगते. नवीन नक्षी घेऊ नकोस. तीच बिर्काची घे, खऱ्या रुंदीची. पंधरा-वीस पत्ते, बारीक रेशीम, गरज पडली तर लहान पत्ते कापून घे, पुठ्ठ्याचे चालतील. वीतभर वीण. फसेल. तार वर येईल, नाहीतर कडेला वळताना मोडेल. लिहून ठेव : किती वाजता बसलीस, किती वेळात किती झाली, कुठे अडली. मग तीच पुन्हा. मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला तुझ्या लक्षात येईल की मूळ बाईने अमुक एक गोष्ट सौंदर्यासाठी केलेली नाही, तिला तसं करावंच लागत होतं. तो क्षण मी तुला सांगून उपयोग नाही, तो ज्याचा त्यालाच यायचा असतो. त्याच्याआधीची एक लहान पायरी सांगते : आडवा धागा काठावर तेवढा दिसतो, म्हणून तो काठाच्या पत्त्याच्याच रंगाचा घ्यायचा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, वर्षभर माझ्या प्रत्येक पट्टीच्या काठावर पांढरे ठिपके होते आणि मी ती 'नक्षी' म्हणून खपवत होते.

आणि टकळी घे. तोंडाची नव्हे, सुताची. शाळेत कातली नसशील तर आता कात. विकतच्या धाग्यावर पीळ कारखान्याने दिलेला असतो, त्यामुळे पत्त्याचा पीळ आणि धाग्याचा पीळ एकमेकांशी भांडतात की मिळतात हे तुला कधी समजणारच नाही. स्वतः कातलेल्या लोकरीची एक फूट पट्टी विणलीस तर हे एका दुपारी समजेल. वाईट कातशील ते बरंच. वाईट धागा जास्त शिकवतो.

परीक्षक बाईंना पत्र लिही. तक्रार नव्हे. 'तुमचा शेरा वाचला, बसून बोलता येईल का?' एवढंच. माझा अनुभव असा की शेरा मारणाऱ्या माणसाला कोणी परत येऊन विचारत नाही, सगळे रुसून बसतात. विचारलं की ती खूश होते आणि पेटीतून स्वतःच्या फसलेल्या पट्ट्या काढून दाखवते. फ्रीजवाल्या म्हातारीने मला पुढच्या महिन्यात घरी बोलावलं आणि पहिल्यांदा दाखवली ती तिची पंधरा वर्षांपूर्वीची, पाठीवर अगदी माझ्यासारख्याच जवळ जवळ येत गेलेल्या खुणा असलेली पट्टी. तिने दरवाजाच्या मुठीला बांधली होती.

आता पदकाबद्दल, कारण तू विचारलं नसलंस तरी विचारलंयस. हवं वाटतं का? वाटू दे. 'मला काही नको' म्हणणारी माणसं मेळ्यात सगळ्यात जास्त खिन्न असतात. पण एक बघ. त्याच नियमात कौशल्याच्या पुढे लगेच येतं की ती विद्या दुसऱ्यांना शिकवलेली असावी, राज्याच्या कामी लावलेली असावी. तुझ्या अख्ख्या पत्रात 'शिकवलं' हा शब्द एकदाही आलेला नाही. आठ वर्षांत कोणाच्या हाताला धरून पत्ते ओवून दिलेस? मी परोपकार म्हणून सांगत नाहीये. नवीन माणूस पत्ता उलटा ओवतो आणि विचारतो 'नक्षी इथेच का मोडली?', तेव्हा तुला उत्तर शोधावं लागतं. स्वतःच्या पट्टीवर तू चूक न बघता दुरुस्त करतेस, कारण हात बसलाय. दुसऱ्याच्या पट्टीवर ती शब्दांत पकडावी लागते. माझं निम्मं शिक्षण मी शिकवलेल्या पोरींनी घातलेल्या गुंत्यांत झालं.

आणि कुजबुज खरी ठरली, त्या बाईला मिळालं आणि तुला नाहीच मिळालं कधी, तर? तेही होतं. माणसंच ठरवतात, आणि माणसं कधी चुकतात, कधी आळस करतात, कधी जो समोर दिसतो त्यालाच बघतात. मी हे झाकून ठेवणार नाही. इंग्लंडात डरहॅमला संत कथबर्टच्या शवपेटीतून निघालेलं दहाव्या शतकातलं भरतकाम आहे, सोन्याच्या तारेचं, काठाला आपल्याच पत्त्यांच्या विणकामाच्या पट्ट्या. त्यावर नाव भरलंय : राणी एल्फलेडने करवून घेतलं, बिशप फ्रिथेस्टनसाठी. हा बिशप ९०९ मध्ये गादीवर आला, म्हणून काम साधारण ९०९ ते ९१६ मधलं असं सहसा धरतात. करवून घेणारीचं नाव आहे, ज्याच्यासाठी त्याचं आहे. करणाऱ्या बाईचं नाही. तिला कोणी पदक दिलं होतं की नाही, देव जाणे. पण अकराशे वर्षांनी लोक भिंग घेऊन तिचे टाके मोजतात, आणि एकमेकांत भांडतात की हे तिने कसं केलं.

बहिणीला माझ्याकडून सांग, ज्यांना कोणी उरलं नाही त्यांची शिकवणी चालू आहे, येवल्याला पुढच्या सुट्टीत जाऊ.

तुझी,
ताई

ता. क. : रेशमावरची पहिली वीतभर झाली की फोटो पाठव. सुलट बाजूचा नको, पाठीचा पाठव. आणि सोबत लिहू नकोस कुठे बांधली होतीस ते, मला बघू दे ओळखता येतं का.